पेटीतले पान

१८२९ सालची गोष्ट आहे. लंडन शहरात नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत असत. वैद्यकी हा त्यांचा व्यवसाय, आणि झाडेझुडपे व कीटक हा त्यांचा छंद. एका पतंगाचा कोश उमलताना पाहावा, म्हणून त्यांनी तो ओलसर मातीसह काचेच्या बरणीत ठेवला आणि वर झाकण लावले. डॉक्टरांचे डोळे कोशाकडे लागले होते. परंतु थोड्याच दिवसांत मातीतून एक नेचा आणि गवताची एक काडी वर आली. त्या काळच्या लंडनच्या धुराने डॉक्टरांच्या बागेतील नेचे करपून जात. बरणीतला नेचा मात्र टवटवीत राहिला. मातीतील ओलावा वर जाई, काचेवर थेंब धरी आणि पुन्हा मातीत उतरे. या निरीक्षणातून वॉर्ड यांची काचपेटी जन्माला आली. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुखरूप आणली.

वॉर्ड यांनी जागा केली होती ती प्राण्यासाठी. वनस्पती तेथे अनाहूत आली. आजच्या काचपेटीत क्रम उलटा झाला आहे. आत राहणारा सरडा किंवा कासव मोठ्या हौसेने आणले जाते, आणि त्याला बरे वाटावे म्हणून मागाहून झाड आणले जाते. पुष्कळदा ते आणणाऱ्याच्या डोळ्यांना बरे दिसावे, एवढाच त्यामागील विचार असतो. हे झाड कोणते असावे, हा प्रश्न वरवर पाहता सजावटीचा वाटतो. वस्तुतः तो एका मुक्या जिवाच्या आयुष्यमानाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कायद्याचे एक कलम ध्यानात घेणे आवश्यक आहे. भारतातील घोरपड, अजगर, तारा-कासव यांसारखे प्राणी घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तारा-कासवाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, स्थान मिळाले. परदेशी प्राण्यांपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आहे, त्यांची नोंद सरकारदरबारी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ साली लागू झाले. अशा नोंदीस पात्र असलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी भारतातील महानगरांत बऱ्यापैकी परिचित झालेला प्राणी म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवा इग्वाना. त्याचेच उदाहरण घेतले असता झाडाच्या निवडीचे सारे अंग स्पष्ट होते.

इग्वाना दिसायला घोरपडीची आठवण करून देतो. परंतु आहाराच्या बाबतीत दोघांचे जग वेगळे. घोरपड पक्की मांसाहारी. इग्वाना पक्का शाकाहारी. नदीकाठच्या उंच वृक्षांवर तो राहतो, उन्हात अंग शेकतो आणि पाने, कळ्या, फुले खातो. पान पचविणे हे सोपे काम नव्हे. गाईच्या पोटात जसे सूक्ष्मजीव गवत आंबवितात, तसेच इग्वानाच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव पाने आंबवितात. हे सूक्ष्मजीव पिलाला जन्मतः मिळत नाहीत. पनामात झालेल्या आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की कोवळी पिले मोठ्या इग्वानांची विष्ठा खाऊन ही शिदोरी मिळवितात. असा ज्याचा पानांशी जन्माचा संबंध, त्याच्या पेटीतील झाड म्हणजे केवळ शोभेची वस्तू राहूच शकत नाही. ते त्याचे छप्पर असते, सावली असते, आणि आज ना उद्या ते त्याचे अन्नही होणारच असते.

रानातील इग्वानाला एक मोठे स्वातंत्र्य आहे. त्याच्यापुढे शेकडो जातींची पाने असतात. एखादे कडू लागले तर तो ते सोडून पुढच्या फांदीवर जातो. एका झाडाचे चार घास घेतो, दुसऱ्याचे दोन. पेटीत आल्याबरोबर हे स्वातंत्र्य संपते. चार भिंतींत एकच झाड असेल, तर तेच खायचे किंवा काहीच नाही. रानात निवड सरड्याची असते. पेटीत ती माणसाची होते. पाळणाऱ्याने स्वीकारलेली खरी जबाबदारी ती हीच. दिवा, पाणी, उष्णता या गोष्टी तिच्या मागून येतात.

म्हणून पहिला प्रश्न झाडाला नव्हे, प्राण्याला विचारावयाचा असतो. हा प्राणी काय खातो, कोठे झोपतो, पाणी कसे पितो? येमेन व सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातील रंग बदलणारा शॅमेलिऑन भांड्यातील स्थिर पाणी सहसा पीत नाही. पानांवर साचलेले थेंब तो जिभेने टिपतो. त्याच्या पेटीतले झाड हे त्याचे पाणवठेही असते. गॅलापागोस बेटांवरचा भू-इग्वाना फड्या निवडुंगावर जगतो. त्याला ओलसर नेच्याचा उपयोग नाही, आणि नदीकाठच्या हिरव्या इग्वानाला वाळवंटी काटेरी बाग मानवणार नाही. कीटक खाणाऱ्या पालींना पानांचे भय नाही, असेही समजू नये. पालीसाठी सोडलेला रातकिडा तिच्या तोंडी जाण्यापूर्वी पेटीतलीच पाने कुरतडू शकतो. एखादे झाड 'सुरक्षित' आहे असे नुसते म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. ते कोणासाठी सुरक्षित, हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही.

दुसरी अडचण नावांची. मराठीत 'चाफा' म्हटले की दोन अगदी भिन्न कुळांतील झाडे पुढे येतात. सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या कुळातला. देवळापुढचा पांढरा चाफा हा कण्हेरीच्या कुळातला, फांदी मोडताच पांढरा चीक गाळणारा. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. त्याच्या शेजारी कुंपणावर उभा असलेला चिकाचा निवडुंग युफोर्बिया वंशातला, आणि त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला अपाय व्हावा इतका तीव्र. दुकानात 'लकी बांबू' म्हणून मिळणारी हिरवी काडी बांबू नव्हेच. ती ड्रॅसिना वंशातील वनस्पती आहे. एखाद्या पुस्तकात बांबू चालतो असे वाचून कोणी ही काडी पेटीत लावली, तर चूक पुस्तकाची नव्हे, नावाची म्हणावी लागेल. यास्तव रोपवाटिकेत विचारावयाचे ते झाडाचे शास्त्रीय नाव. आणि ते कोणालाच सांगता आले नाही, तर ते रोप कितीही देखणे असले तरी तेथेच राहू द्यावे.

आता विषारी झाडांकडे वळावे. त्यांतील एका प्रकारच्या विषाची ओळख महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला आहे. अळू किंवा सुरण नीट शिजला नाही, की घसा खवखवतो. या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेत व घशात रुततात. म्हणूनच गृहिणी अळूच्या भाजीत चिंच किंवा आमसूल घालण्यास विसरत नाही. घराघरांत वाढणारा मनी प्लांट, रंगीत पानांचे कॅलेडियम, पांढऱ्या ठिपक्यांचे डिफेनबॅकिया, 'पीस लिली' या नावाने मिळणारे पांढऱ्या फुलाचे झाड, ही सारी अळूचीच भावंडे होत. कमी प्रकाशात वाढतात, मरता मरत नाहीत, म्हणून काचपेटीसाठी प्रथम यांच्यावरच हात पडतो. पाने न खाणाऱ्या पालीच्या पेटीत मनी प्लांट पुष्कळ जण वर्षानुवर्षे ठेवतात. परंतु इग्वाना ते पान कच्चेच खाणार. त्याच्यासाठी चिंच कोण घालणार?

दुसरा प्रकार याहून भयंकर. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, यांतील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर आघात करतात. वाळलेल्या पानातही ती टिकून राहतात. धोत्रा, एरंडाची बी, गुंज यांची ख्याती वेगळी सांगावयास नको. घाणेरीने गुरांच्या यकृताला इजा होते, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. बारमाही फुलणारी सदाफुली पाहणाऱ्याला निरुपद्रवी वाटते; पण कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही प्रबळ औषधे तिच्यापासूनच मिळाली आहेत. जिच्या रसापासून औषधाचा एकेक थेंब मोजून द्यावा लागतो, ती वेल काय आणि झुडूप काय, घासाघासाने खाण्याची वस्तू नव्हे.

अशा वेळी माणसाचे मन एखादा सोपा नियम शोधते. 'ज्याला दूध येते ते झाड वाईट' हा असाच एक प्रचलित नियम आहे. तो अर्धाच खरा आहे. शेर आणि चिकाचा निवडुंग यांना तो लागू पडतो. परंतु तुतीच्या पानालाही दूध येते, आणि तुतीचे पान इग्वानासाठी उत्तम अन्न आहे. उलट धोत्र्याला दूध नाही आणि गुंजेलाही नाही. 'माणसाला चालते ते प्राण्याला चालते' हा दुसरा नियम. तोही तितकाच लंगडा आहे. वनस्पतींच्या विषबाधेचे आजवरचे ज्ञान मुख्यतः गुरे, मेंढ्या, कुत्री आणि मांजरे यांच्या अनुभवावर उभे आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीचे प्रत्यक्ष संशोधन त्या मानाने थोडे. जेथे पुरावा थोडा, तेथे संशयाचा फायदा झाडाला न देता प्राण्याला द्यावा, हाच न्याय होय.

सर्वच विषे तत्काळ मारणारी नसतात. पालकाची भाजी माणसाला पथ्यकर मानली जाते. परंतु पालकात विद्राव्य ऑक्झलेट भरपूर असते, आणि ते आहारातील कॅल्शियमला बांधून ठेवते. इग्वानाला रोज पालकच मिळू लागला, त्यातच अतिनील किरण देणाऱ्या दिव्याअभावी 'ड' जीवनसत्त्व तयार झाले नाही, तर हाडांतील कॅल्शियम हळूहळू झिजू लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात. शेवटी फांदीवर चढण्याचे बळही उरत नाही. पाळलेल्या इग्वानांना ग्रासणाऱ्या रोगांत हा एक प्रमुख रोग आहे, आणि तो कोणा शत्रूने केलेला नसतो. हौसेने वाढलेल्या ताटानेच तो होतो.

मग लावावे तरी काय? उत्तर पुष्कळांच्या अंगणातच असते. जास्वंद. तिची पाने, कळ्या आणि फुले हिरवा इग्वाना आवडीने खातो आणि ती त्याला मानवतात. तिचे खोड लाकडी असल्याने लहान पिलाचे वजनही पेलते, आणि छाटली असता ती पुन्हा जोमाने फुटते. तिच्या जोडीला तुती लावता येते. लांब, पट्टेदार पानांचे 'स्पायडर प्लांट' हेही एक भरवशाचे रोप. क्लोरोफायटम हा त्याचा वंश. पावसाळ्याच्या आरंभी सह्याद्रीच्या उतारावर मिळणारी फोडशी किंवा कुलूची रानभाजी याच वंशातली. ओलसर कोपऱ्यासाठी नेफ्रोलेपिस जातीचा, म्हणजे कुंड्यांतून सर्रास दिसणारा, लोंबत्या पानांचा नेचा उपयोगी पडतो. चार-पाचच झाडे, पण ओळखीची. पेटीला याहून मोठ्या बागेची गरज नाही.

झाड योग्य निवडले म्हणजे काम संपले असेही नाही. रोपवाटिकेतले रोप विक्रीपूर्वी किडीपासून जपलेले असते, आणि त्या जपणुकीत बहुधा कीटकनाशक आलेले असते. काही कीटकनाशके पानावर बसतात. ती धुऊन जातात. परंतु इमिडाक्लोप्रिडसारखी काही मुळांवाटे शिरून झाडाच्या रसात भिनतात; ती नळाखाली धरून जात नाहीत. कुंडीत रासायनिक खताच्या गोळ्या असतात, पर्लाइटचे पांढरे हलके दाणे असतात, फांदी सरळ ठेवण्यासाठी गुंडाळलेली तार असते. इग्वाना नवी वस्तू जिभेने चाचपून पाहतो. त्याला गोळी आणि कळी यांतला भेद कोण समजावणार? म्हणून आणलेले रोप प्रथम स्वच्छ पाण्याने धुवावे, मुळांची जुनी माती झाडून साध्या, खत न घातलेल्या मातीत ते लावावे, आणि काही महिने पेटीबाहेर, सज्ज्यात वाढू द्यावे. जुनी पाने गळून नवी पालवी आली, की मगच ते आत न्यावे. याहूनही सोपा मार्ग म्हणजे पावसाळ्यात ओळखीच्या, फवारणी न झालेल्या जास्वंदीची फांदी छाटून घरीच लावणे. देवाच्या हारातली फुले आणि रस्त्याकडेची पाने यांचा मोह मात्र टाळावा. त्यांवर काय उडाले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

झाडाचाही एक पक्ष आहे, आणि तोही ऐकून घेतला पाहिजे. इग्वानाला अंग शेकण्यासाठी दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअसचे ऊन लागते. त्या दिव्याच्या अगदी जवळचे पान करपते. विकत घेताना वीतभर असणारे पिल्लू पूर्ण वाढीस लागले म्हणजे शेपटीसह पाच-सहा फूट होते, आणि त्याच्या नुसत्या उडीने कुंडी आडवी होते. मुंबईच्या दमट पावसाळ्यात बंद पेटीतील मातीवर बुरशी धरते. नागपूरच्या उन्हाळ्यात तीच माती दुपारपर्यंत कोरडी पडते. दिल्लीच्या हिवाळ्यात प्राण्याला ऊब कमी पडते आणि जास्वंदीची वाढ थंडावते. यावर अनुभवी पाळणारे एक युक्ती करतात. ते एकाच जातीची दोन झाडे ठेवतात. एक पेटीत राबते, दुसरे सज्ज्यात विसावा घेते. महिन्या-पंधरा दिवसांनी त्यांची अदलाबदल होते. शेतकरी जमीन आलटून पालटून पडीक टाकतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय कुंडी जड असावी आणि मातीच्या तोंडाशी मोठे, गिळता न येणारे गोटे ठेवावेत.

एवढे करूनही एखादे भलते पान पोटात गेलेच, तर घरगुती उपाय करू नयेत. ओकारी काढण्याचा प्रयत्न, दूध किंवा तेल पाजणे, या गोष्टी अपायच अधिक करतात. सरपटणाऱ्या प्राण्याचे पचन मंद असते. लक्षणे दिसावयास कित्येकदा दिवस लागतात. आज तो स्वस्थ बसला आहे, म्हणून उद्याची निश्चिंती मानता येत नाही. त्या झाडाची पानासकट फांदी बरोबर घेऊन, लक्षणांची वाट न पाहता, अशा प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. पाहिलेल्या पानावरून केलेला इलाज आणि अंदाजाने केलेला इलाज यांत फार अंतर असते.

इग्वाना नीट सांभाळला तर वीस वर्षांपर्यंतही जगतो. इतक्या वर्षांत माणसाची बदली होते, घर लहान पडते, मुले मोठी होऊन दूर जातात. कंटाळलेला पालक मग त्याला एखाद्या बागेत सोडून देण्याचा विचार करतो आणि त्याला 'मुक्तता' असे गोड नाव देतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशाच सोडलेल्या आणि निसटलेल्या इग्वानांची संतती आज रानोमाळ पसरली आहे. तेथील दक्षिणेच्या बेटांवर 'मायामी ब्लू' नावाचे एक चिमुकले, अतिदुर्मिळ फुलपाखरू सागरगोट्याच्या वेलीवर अंडी घालीत असे. मराठी मुली ज्याच्या बियांनी खेळत आल्या, तोच हा सागरगोटा. इग्वानांनी त्याचे कोवळे कोंब खाण्यास प्रारंभ केला, आणि कोंबांबरोबर अंडीही गेली. बाहिया होंडा या बेटावरून ते फुलपाखरू २०१० साली नाहीसे झाले. त्याच्या कारणांत इग्वानाचीही गणना होते. पेटीत असताना एका जिवासाठी पान निवडण्याचे ज्याने टाळले, त्याच्या हातून सुटलेला तोच जीव एका अख्ख्या बेटाची पाने निवडू लागतो. ज्याला सांभाळणे अशक्य झाले असेल त्याने तसे वनखात्याला कळवावे आणि प्राणी योग्य हाती सोपवावा. तो रानात सोडणे ही दया नव्हे.

डॉक्टर वॉर्ड यांच्या बरणीत नेचा आपोआप उगवला होता. तो कोणी निवडला नव्हता, आणि कोणाच्या तोंडी जाणारही नव्हता. म्हणून त्याच्याकडे कौतुकाने पाहत बसण्याची चैन त्यांना परवडली. ज्या काचेआड एक पान खाणारा जीव बसलेला आहे, तेथे ती चैन नाही. तो जीव डोळे मिटून ऊन खात असतो, आणि भूक लागली की समोरच्या पानाला तोंड लावतो. त्या क्षणी तो ते पान पारखत नाही. ते अगोदरच कोणी तरी पारखले आहे, या विश्वासावर त्याचे सारे जगणे चाललेले असते. त्या विश्वासाला पात्र ठरण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. झाडाचे खरे नाव विचारण्याची चिकाटी, नवी पालवी येईपर्यंत थांबण्याचा धीर, आणि संशय आला तर सुंदर रोप दुकानातच ठेवून रिकाम्या हाताने परतण्याची तयारी, एवढे असले म्हणजे पुरे.